पाहिल्याची तारीख

६ ऑक्टोबर, रविवार

प्रिय दादा,

नमस्कार. मी बरी आहे, खोकला गेला, दोन वेळा नीट जेवते. तू, वहिनी, बारकी सगळे खुशाल असाल. बारकीचे पुढचे दात आले का? दात पडल्यापासून ती बोलताना शिट्टी वाजते, असं वहिनीनं लिहिलं होतं. आले असतील तर शिट्टी थांबली असणार, म्हणजे माझी ऐकायची राहूनच गेली.

फोन का करत नाही, असं तू म्हणशील. फोनवर तू नुसतं 'हं' म्हणतोस. तुझ्या 'हं'नंतर मला काहीच सुचत नाही. शिवाय माझा फोन एका ट्रकच्या टपावर राहिला आणि ट्रक गेला. खाली टायरवाल्याचा नंबर देते, अडीनडीला त्यावर कर. तो माणूस चांगला आहे, फक्त ओरडून बोलतो.

आता खरी बातमी. मला काम लागलंय, आणि यंदा चार महिने टिकलंय. हसू नकोस. काम बघायचं आहे. म्हणजे अक्षरशः बघायचं. जायचं, जनावर बघायचं, परत येऊन सांगायचं.

झालं असं की मी या टायरवाल्याकडे पुढच्या गाडीची वाट बघत बसले होते. समोर एक शेळी उठत होती. मी त्याला सांगत होते, बघा, शेळी उठताना आधी मागची बाजू वर करते, पुढचे गुडघे जमिनीवरच, जणू काही हरवलेलं शोधतेय. टायरवाल्याला शेळीशी काय देणंघेणं. पण स्टुलावर एक ठेंगणी म्हातारी बसली होती, ती म्हणाली, पुन्हा सांग. मी सांगितलं. मग ती म्हणाली, गुडघे टेकलेले असताना मान कुठे असते? मला आठवत होतं, तेही सांगितलं. गाडी आली आणि गेली. मी तिच्या मागून टायरच्या दुकानामागच्या तिच्या शेडमध्ये गेले, तेव्हापासून मी तिथेच आहे. पोटमाळ्यावर झोपते.

बाई मूर्तिकार आहेत. अडुसष्ट वर्षांच्या. पंजे सुतारासारखे रुंद, नखांत कायम माती. शेडला पत्रा, उत्तरेला एकच मोठी खिडकी, कोपऱ्यात ओल्या गोणपाटाखाली मातीची पिंपं. फळ्यांवर जनावरं नुसती: मुंगूस, कासव, दोन म्हशी, पंख वाळवणारा पाणकावळा, कुत्री आणि तिची पिल्लं. हात लावला तर उठून जातील असं वाटतं. खरं म्हणजे मी पहिल्या दिवशी मुंगसाला हात लावून बघितलाच आणि ओरडा खाल्ला.

प्रत्येकाच्या पायाखाली एक तारीख आणि जागा कोरलेली आहे. मला वाटलं, बनवल्याची. नाही. पाहिल्याची. न पाहिलेलं जनावर बाई करत नाहीत. चाळीस वर्षांत केलेलं नाही. त्यांचं नाव आहे ते त्यावरच.

आणि आता बाईंना दिसत नाही.

हे कुणाला माहीत नाही, तू बोलू नकोस. दीड वर्ष झालं. नजरेतलं मधलं सगळं पुसलं गेलंय, कडेचं तेवढं उरलंय. तुझ्या तोंडाकडे बघायचं तर त्या तुझ्या कानाकडे बघतात. लोकांना वाटतं, बाईंना गर्व झालाय. त्यांना तसंच वाटू द्यायचं आहे. म्हणून मी. मी बघते, येऊन सांगते, त्या माझ्याकडे पाठ करून माती लावतात आणि मध्येच विचारतात, वजन कुठल्या पायावर होतं? खेकडा झाला, बगळा झाला, उभ्यानं झोपणारं एक म्हातारं गाढव झालं. तीनही माझ्या डोळ्यांनी. गाढव झोपलं की मागचा एक पाय सैल सोडतं, नुसतं टोक टेकवून. हे मी सांगितलं तेव्हा बाई हसल्या, आणि त्या फार हसत नाहीत.

कुठे होते मी? हां. पाणमांजर.

इथल्या संग्रहालयाला पाण्यातल्या प्राण्यांचं नवं दालन करायचंय. दाराशी पाणमांजर हवं, मादी, खऱ्यापेक्षा दुप्पट मोठी, ब्राँझची. बाईंचं हे शेवटचं मोठं काम. त्यांनी तसं म्हटलेलं नाही, पण मला कळतं. पाणथळ जागा इथून तासाभराच्या अंतरावर आहे, नदी जिथे फुगून लव्हाळ्यात शिरते तिथे. अकरा सकाळी मी चिखलात बसले. अकरा सकाळी परत येऊन 'नाही दिसलं' म्हटलं. बाई एकदाही रागावल्या नाहीत.

बाराव्या सकाळी वाटेत काही माणसं एका होडीला डांबर फासत होती. डांबराचा वास तुला माहीतच आहे मला किती आवडतो. मी म्हटलं, पाच मिनिटं. त्यांनी हातात कुंचा दिला. होडी पालथी होती, तिच्या पोटाखालून सरपटत जाऊन आतल्या फटी बुजवायच्या, ते माझ्या मापाचं काम होतं. संध्याकाळ कधी झाली कळलंच नाही. परत आले तर बाई दारात उभ्या, माझ्या कानाकडे बघत. म्हणाल्या, दिसलं?

आणि माझ्या तोंडून गेलं, दिसलं.

दादा, ते मी ठरवून म्हटलं नाही. पण त्यांचा चेहरा असा काही उजळला की मग मागे फिरता येईना. कान कसे होते? ओले होते, डोक्याला चिकटलेले. शेपूट? जाड, बुडाशी रुंद. हे सगळं चित्रात असतं. मग बाई म्हणाल्या, काय करत होती ती? आणि मी सांगितलं की पाण्यात शिरायच्या आधी ती थांबली. अंग पाण्याकडे होतं, आणि मान तिनं मागे वळवली, काठाकडे. कुणी येतंय का बघितल्यासारखी. मग गेली.

ही मान मला कुठून सुचली ते विचारू नकोस.

बाई त्याच दिवशी मातीला बसल्या. मंगळवारी, पंधरा तारखेला, ओतारी साचा घ्यायला येणार आहे. प्लास्टर चढलं की आतली माती फोडून काढायची असते, मग जे आहे ते कायमचं. त्याआधी मला बाईंना सांगायचंय. नऊ दिवस आहेत. एका मिनिटाचं काम आहे, असं तू म्हणशील.

वहिनीला नमस्कार, बारकीला पापा.

तुझी,
भटकभवानी


११ ऑक्टोबर, शुक्रवार

प्रिय दादा,

नमस्कार. काल तू फोन केलास, बरं वाटलं. टायरवाला गल्लीच्या टोकावरून माझ्या नावानं असा ओरडला की सगळ्या गल्लीला कळलं मला भाऊ आहे.

फोनवर मी नीट बोलले नाही. जॅकवर एक गाडी चढलेली होती आणि टायरवाला माझ्याकडेच बघत होता, हे खरं आहे, पण कारण ते नव्हतं. तू म्हणालास, सांगून टाक, त्यात काय. मी म्हटलं, त्या विश्वास ठेवून बसल्यात. त्यावर तू म्हणालास, "मग बरोबरच आहे. आईजवळ तू तरी होतीस. तुझ्यावर नाही ठेवायचा तर कुणावर?"

मी 'हं' म्हटलं. आता तुला कळलं असेल 'हं' ऐकायला कसं लागतं.

असो. इकडचं सांगते.

सोमवारी मी ठरवलं की चहाच्या वेळी सांगायचं. बाई चहा पिताना एक हात मूर्तीवर ठेवतात, अंगावरून फिरवत राहतात, म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा. मी म्हटलं, बाई, एक बोलायचं होतं. त्या म्हणाल्या, थांब, आधी इकडे ये. माझा हात धरून त्यांनी मानेवर ठेवला. ओल्या मातीची मान, खांद्यापासून वळत वर गेलेली. म्हणाल्या, इथे बघ, कातडी ताणली गेलीय आणि इथे घडी पडलीय. हे तू सांगितलं नव्हतंस, पण असं वळायचं तर घडी इथेच पडणार. चाळीस वर्षांत अशी मान माझ्या हाताला आली नाही.

त्यांनी विचारलं, तू काय म्हणत होतीस? मी म्हटलं, साखर संपलीय.

साखर होती, दादा. डबाभर होती. मग मला ती लपवावी लागली, हा आणखी एक ताप. पोटमाळ्यावर माझ्या उशाशी आहे आणि आता तिला मुंग्या लागल्यात.

मंगळवारपासून मी दुसरी युक्ती काढली. रोज पहाटे पाणथळीवर जाते. बाईंना सांगते की फिरायला जाते, माझ्या बाबतीत ते कुणालाही पटतं. म्हटलं, पंधरा तारखेच्या आत एकदा जरी ते दिसलं आणि एकदा जरी त्यानं मान वळवली, तरी खोटं तेवढं खोटं राहणार नाही. तारीख पुढेमागे होईल, पण पाहिलेलं तर असेल. चार सकाळी हलले नाही. एक माणूस मोटारसायकलवर बारा बदकं घेऊन गेला, मी त्याच्यामागेसुद्धा गेले नाही, यावरून ओळख. एका दगडावर विष्ठा मिळाली, माशाच्या खवल्यांनी चमचमणारी. जनावर आहे तिथे. मला दिसत नाही एवढंच.

काल जाळं ओढणारा एक कोळी भेटला. त्याला विचारलं, पाणमांजर पाण्यात शिरताना मागे वळून बघतं का हो? त्यानं माझ्याकडे असं बघितलं जणू मी विचारलंय, मासा पायरीनं उतरतो का.

"ते कशाला मागं बघेल? संशय आला की सरळ उभं राहतं, दोन पायांवर, माणसासारखं. आणि मग नाहीसं होतं."

मी विचारलं, कधीच नाही? तो म्हणाला, तीस वर्षं ते माझ्या जाळ्यातले मासे पळवतंय, मी त्याला पुढून, मागून, सगळीकडून ओळखतो. जाताना ते कुणाची वाट बघत नाही बाई, ते जातं.

म्हणजे नुसतं न पाहिलेलं नाही, चुकीचंसुद्धा. तो एकटाच नसेल ना ओळखणारा. संग्रहालयात असले लोक येणारच.

बुधवारी ओतारी माप घ्यायला आला होता. उंच, वाकलेला, भुवया भट्टीनं जळून कायमच्या गेलेल्या, त्यामुळे नेहमी चकित झाल्यासारखा दिसतो. बाईंचं आणि त्याचं भांडण म्हणजे करमणूक असते. तो म्हणतो, तुमची जनावरं वजनानं मला मारणार, एखादं फुलपाखरू करा. बाई म्हणतात, फुलपाखरू ओतायला हात लागतो, तुझे फावडे आहेत. तर तो फीत घेऊन आला, पाणमांजराभोवती एक चक्कर मारली आणि फीत तशीच हातात धरून उभा राहिला. बराच वेळ. मग म्हणाला, हिचं कुणीतरी यायचं राहिलंय.

बाईंनी त्याला टोमणा मारला नाही. नुसती मान हलवली.

त्याच दुपारी मी बाईंना विचारलं, समजा, एखादं जनावर न पाहता केलं तर काय होतं? त्यांचे हात थांबले. मग त्यांनी घोड्याचं सांगितलं. तरुणपणी एका चौकासाठी त्यांनी घोडा केला, धावणारा. घोडे पाहिलेले होते, पण धावताना पाय कसे पडतात ते नीट पाहिलं नव्हतं, मनानंच लावले. उद्घाटनाला घोडे राखणारा एक म्हातारा आला होता. तो काही बोलला नाही, वाकून पाय बघितले, हसला आणि गेला. घोडा अजून तिथे आहे. पोरं त्याच्यावर बसतात. बाई म्हणाल्या, त्रेचाळीस वर्षं मी त्या रस्त्यानं गेलेले नाही. बाजारात जायला मला लांबून वळसा पडतो.

मग म्हणाल्या, आता तर मला पाय नीट करायलासुद्धा दिसायचं नाही. बरं झालं तू भेटलीस.

दादा, चार दिवस उरलेत. आज सांगते, आज सांगते करत संध्याकाळ होते. तुला वाटेल, बाई हाकलून देतील म्हणून मी भिते. नाही रे. हाकलल्याचं मला काय, मी आजवर स्वतःच निघत आले. मी घाबरते ते बाई त्यानंतर काय विचारतील त्याला.

वहिनीनं विचारलंय म्हणून सांगते, स्वेटर पोचला. एक बाही लांब आहे, पण लांब बाहीत हात गरम राहतो.

तुझी,
भटकभवानी

ता. क. तू फोनवर म्हणालास तसं पुन्हा म्हणू नकोस. आईजवळ मी होते वगैरे.


१७ ऑक्टोबर, गुरुवार

दादा,

नमस्कार. हे पत्र एकटा असताना वाच. खाली बस आणि वाच.

मंगळवार सांगते.

ओतारी नऊला आला, प्लास्टरची पोती घेऊन. मी पहाटे पाणथळीवर जाऊन आले होते, दिसलं नव्हतं. बाईंनी ओलं फडकं काढलं, पूर्ण अंगावरून एकदा हात फिरवला. ओतारी म्हणाला, बनवू का? बाई म्हणाल्या, बनव. त्यानं बादलीत पाणी घेतलं आणि प्लास्टर चाळू लागला. प्लास्टर कालवलं की दहा मिनिटं, मग ते दगड. त्या दहा मिनिटांत पहिला थर चढायला हवा.

तेव्हा बाईंनी माझ्या हातात खिळा दिला.

म्हणाल्या, तारीख कोर. अठ्ठावीस सप्टेंबर, आणि जागा. मी म्हटलं, नेहमी तुम्ही कोरता. त्या म्हणाल्या, मी पाहिलं की मी कोरते. हे तू पाहिलंस.

खेकड्याच्या वेळी असं नव्हतं. बगळ्याच्या, गाढवाच्या वेळीही नाही. त्या तिन्ही तारखा त्यांनी चाचपडत स्वतःच कोरल्या होत्या. या खेपेला तो मान मला देत होत्या त्या. मी गुडघ्यांवर बसले. मागच्या पंजाच्या बाजूला जागा सारखी करून ठेवली होती, गुळगुळीत, तळहाताएवढी. मी खिळा टेकवला. 'दोन'चा वळसा काढला. आठ काढायला हात उचलला आणि तो खाली येईना. मागे ओतारी ढवळत होता, काठी बादलीला लागत होती, आणि तो आवाज हळूहळू जड होत होता.

बाई म्हणाल्या, झालं?

मी म्हटलं, बाई, मी ते पाहिलेलं नाही.

काठी थांबली. बाई जवळ येऊन माझ्या शेजारी खाली बसल्या, गुडघे कुरकुरले त्यांचे. मी सगळं सांगितलं, होडी, डांबर, दारात त्या उभ्या होत्या ते. कोळी काय म्हणाला ते. साखरेचंसुद्धा सांगितलं, का कोण जाणे. ओतारी म्हणाला, बाई, हे घट्ट होतंय. बाई म्हणाल्या, होऊ दे.

मग त्यांनी तेच विचारलं ज्याला मी भीत होते.

"मान कुणाची आहे?"

त्या म्हणाल्या, तू चित्रातून आणली नाहीस. चित्रातल्या मानेला असं वजन नसतं. हे तुझ्याजवळ होतं कुठेतरी. कुणाची?

मी म्हटलं, आईची. आई गेली तेव्हाची.

बाई मानेवर हात ठेवून बसल्या. मग त्यांचा आवाज इतका मऊ झाला की मला तो ओळखू येईना. म्हणाल्या, मग ठीक आहे. हे पाणमांजर नाही, पण पाहिलेलं आहे. संग्रहालयाच्या साहेबांना मी सांगते काय ते. तू त्या दिवसाची तारीख कोर.

ओतारी म्हणाला, दुसरी बादली बनवतो.

दादा, सुटले होते मी. तिथे थांबायचं होतं, तारीख कोरायची होती, सगळं भागत होतं. ती तारीख मला पाठ आहे. मी खिळा उचललासुद्धा. आणि मला कळलं की हे मी आयुष्यभर करत राहीन.

मी म्हटलं, तेही मी पाहिलेलं नाही.

आता तुला सांगते. बाईंना सांगितलं तेच, त्याच शब्दांत सांगायचा प्रयत्न करते.

तू तीन दिवस दवाखान्यात तिच्याजवळ बसून होतास. त्या दुपारी तू मला म्हणालास, मी घरी जाऊन आंघोळ करून येतो, चारला येतो, तू हलू नकोस. मी म्हटलं, नाही हलत. तू दोनला गेलास. अडीचला मी खिडकीत उभी होते. समोरच्या इमारतीवर दोन माणसं दोरांना लटकून काचा पुसत होती. एक गात होता, आवाज येत नव्हता, नुसतं तोंड दिसत होतं. आई झोपली होती. मला वाटलं, खाली जाऊन पाच मिनिटं ऐकून येते काय गातोय ते. खाली गेले. अंगणात त्यांचा तिसरा गडी दोर धरून बसला होता, त्याच्याशी बोलत बसले. त्यानं दोराची गाठ शिकवली. मी चार वाजताही तिथेच होते, कारण तू येताना दिसशील आणि आपण बरोबर वर जाऊ, असं मी मनाला सांगत होते. तू आला नाहीस.

साडेचारला एकटी वर गेले. नर्स चादर सारखी करत होती. तिनं विचारलं, तुम्ही कोण? मी म्हटलं, मुलगी. ती म्हणाली, आत्ताच.

आईची मान सरळ होती, दादा. उशीवर, सरळ. तिनं काय केलं, कुणाकडे बघितलं, काही म्हणाली का, मला काहीच माहीत नाही.

सव्वापाचला तू धापा टाकत आलास. केस ओले. खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागला, असं तू त्या चादरीला सांगत होतास. मग माझ्याकडे वळून विचारलंस, काय केलं तिनं? आणि तुझा चेहरा बघून मी म्हटलं, तिनं दाराकडे मान वळवली. तुझी वाट बघत होती. मग शांत झाली. मी हात धरला होता.

मला वाटलं मी तुला काहीतरी देतेय. तुझी वाट बघत होती, म्हणजे तुझ्यावर माया होती, असं. तू ते घेतलंस, पण उलटं घेतलंस. ती बघत राहिली आणि मी झोपलो, असं. वहिनीनं मला लिहिलंय की तू तेव्हापासून दुपारी आडवा होत नाहीस. तापातसुद्धा खुर्चीत बसून राहिलास. ते वाचलं त्या दिवशी मी कुठल्याशा गावात होते, तिथून त्याच दुपारी निघाले. मी निघते ती अशी निघते. तुम्हाला वाटतं पायाला चाकं आहेत.

तू माझ्यावर ओरडला असतास तरी चाललं असतं. तू सगळ्यांना सांगत सुटलास, मी नव्हतो, ही तरी होती. दोन वर्षं ते 'ही तरी होती' मी पाठीवर घेऊन हिंडतेय.

हे सगळं सांगून झालं तेव्हा ओताऱ्याच्या पहिल्या बादलीत प्लास्टरचा दगड झाला होता. बाई उठल्या. म्हणाल्या, म्हणजे हे कुणीच पाहिलेलं नाही. राग नव्हता आवाजात. माती कापायची तार भिंतीवर असते, ती त्यांनी घेतली, दोन्ही टोकं मुठीत गुंडाळली, डाव्या हातानं घडीची जागा शोधली आणि मान खांद्यापासून कापली. डोकं ओताऱ्यानं झेललं, नाहीतर पडलं असतं. तो रडत होता की प्लास्टर डोळ्यात गेलं होतं, कळलं नाही. मग बाहेर जाऊन बादली उलटी करून हातोड्यानं ठोकत बसला, बराच वेळ, एका बादलीला लागतं त्यापेक्षा बराच जास्त वेळ.

बाईंनी हात धुतले आणि टायरवाल्याकडे जाऊन संग्रहालयाच्या साहेबांना फोन लावला. मी मागे उभी होते. त्या म्हणाल्या, पाणमांजर होणार नाही. मला दीड वर्षापासून दिसत नाही. गेली तीन कामं दुसरीच्या डोळ्यांनी केलीत, ती चांगली आहेत, पण त्यांच्या कागदावर तिचं नाव घाला. पलीकडून काहीतरी लांबलचक आलं. बाई ऐकत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, नाही, औषध नाही. फोन ठेवला. टायरवाला पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला, चहा सांगू का, म्हणाला.

मला जा म्हणाल्या नाहीत. थांब असंही म्हणाल्या नाहीत. दोन दिवस शेडमध्ये आम्ही एकमेकींशी कामापुरतं बोलतो. बिनडोक्याचं पाणमांजर फडक्याखाली आहे. काल संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, भावाला लिहिलंस? मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, मग आधी ते.

म्हणून लिहितेय.

तुला काय वाटेल ते मी इथून ठरवणार नाही, आजवर तेच करत आले. ओरडायचं असेल तर टायरवाल्याकडे फोन कर, त्याला ओरडण्याची सवय आहे, मी ऐकेन. करायचा नसेल तर नको करू. मी इथून हलत नाही, एवढं मात्र लिहून देते.

एकच गोष्ट मला खरंच माहीत आहे, तेवढी घे. तू झोपलास ते वाट बघणाऱ्या आईला टाकून नाही झोपलास. तिच्याजवळ कुणीतरी बसलंय, या भरवशावर झोपलास. भरवसा ठेवणं चूक नव्हतं. जिच्यावर ठेवलास ती उठून गेली. दुपारी आडवा होत जा, दादा.

तुझी धाकटी बहीण,
जी तेव्हा खाली अंगणात होती